जुन्याच्या जुनेपणाची तक्रार

भंडाऱ्यास पितळनगरी म्हणण्याचा प्रघात जुना असला, तरी ज्या घरांत स्टीलने व मागाहून प्लास्टिकने पितळेस माळ्यावर हद्दपार केले, त्या घरांतील गंगाळे व पराती आता मोबाइलवरील बाजारात छायाचित्रांसह मांडल्या जातात, आणि तेथेच खरा तमाशा आरंभतो. ‘जुने, वापरलेले, बुडास एक पोचा’ ही स्वच्छ कैफियत वाचून, भाव निम्म्यावर आणून ज्या गृहस्थाने गंगाळ मागविले, तोच आठवड्याने परतीचा अर्ज गुदरतो, की वस्तू जुनी निघाली! दुसऱ्याची फिर्याद याहून सूक्ष्म: चिंचेने घासल्यावर भांड्याचा पुरातनपणा गेला, सबब रक्कम परत व्हावी. दिवाळीचे अभ्यंगस्नान उरकून पाडव्यानंतर गंगाळ परत करू इच्छिणाऱ्या भाविकांविषयी न बोललेलेच बरे.

कायदा मात्र याबाबत गूढ नाही. १९३०च्या मालविक्री अधिनियमाचे १५वे कलम एवढेच मागते, की वर्णन देऊन विकलेला माल त्या वर्णनाबरहुकूम असावा. पोचा लपविला असेल, तर विक्रेत्याने मुकाट्याने पैसे मोजावेत. पण तो लिहिला, दाखविला आणि त्यापोटी सूटही दिली, तर पोचा हा सौद्याचाच भाग झाला. म्हणून पार्सल बांधण्यापूर्वी भांड्याची चहूबाजूंनी छायाचित्रे काढावीत, वजन टिपून ठेवावे, परतीचा खर्च कोणी सोसावयाचा ते आगाऊ कबूल करून घ्यावे. आणि परत आलेले गंगाळ आपलेच आहे काय, याची खातरजमा झाल्याशिवाय दमडीही परत करू नये.