‘इतर’ धर्माची स्थापना

नवा धर्म काढायचा म्हणजे खटाटोप फार. प्रेषित लागतो, ग्रंथ लागतो, डोंगर नाहीतर गुहा लागते, आणि काहीच नसलं तरी वर्गणीचं पावतीपुस्तक लागतंच. भारत सरकारच्या जनगणना खात्याने यातलं काहीही न करता एक अख्खा धर्म उभा केला आणि २०११ साली त्याचे ७९ लाख ३७ हजार अनुयायी मोजूनही दाखवले. धर्माचं नाव ‘इतर धर्म आणि पंथ’. आपण या धर्माचे आहोत हे त्याच्या अनुयायांनाच ठाऊक नाही. त्यामुळे मिरवणुकीच्या रस्त्यावरून तंटा नाही, भोंग्यावरून कोर्टकचेरी नाही, कुणाच्या भावना दुखावल्याची एकही तक्रार नाही. इतका सालस धर्म दुसरा दाखवा.

आमच्या तिरोडीत या धर्माची चांगली वस्ती आहे. मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्याच्या कडेला, महाराष्ट्राच्या कुंपणाला खेटून, मँगनीजच्या खाणीभोवती वाढलेलं हे गाव. बाजाराला तुमसर, मोठ्या दुखण्याला नागपूर आणि सरकारी कागदाला भोपाळ, अशी आमची त्रिस्थळी यात्रा. १९५६ च्या १ नोव्हेंबरला राज्यांची फेररचना झाली, भंडारा पलीकडे गेला, आम्ही अलीकडे राहिलो. तेव्हापासून कुठल्या ना कुठल्या रकान्यात कोंबून घ्यायची आम्हाला सवय आहे. घरात पोवारी बोलणाऱ्याची भाषा जनगणनेच्या तक्त्यात हिंदीच्या पोटात जाते, आणि त्याबद्दल कुणी ब्रही काढत नाही. पण भाषा पोटात घालणं वेगळं आणि देव पोटात घालणं वेगळं.

२०११ च्या अर्जात धर्मासाठी सहा आकडे होते. हिंदू १, मुस्लिम २, ख्रिश्चन ३, शीख ४, बौद्ध ५, जैन ६. बाकी कुणी काही सांगितलं तर नाव पूर्ण लिहायचं आणि आकडा द्यायचा नाही, असा हुकूम. म्हणजे सहा धर्मांना आरक्षित डबा आणि उरलेल्यांना जनरल. आता डोक्यावर ऊन, हातात गठ्ठा आणि पुढे अजून चाळीस घरं असलेला शाळामास्तर एक आकडा टाकेल की ‘पूर्ण नाव’ लिहीत बसेल? पुढचा संवाद माझ्या कल्पनेतला आहे. तो तुमच्या ओळखीचा वाटला तर दोष तुमच्या गावाचा.

‘धरम?’

‘बडादेव.’

‘बाबाजी, देव नाही विचारला. धरम विचारला.’

‘तोच धरम आहे जी आमचा. साजाच्या झाडाखाली ठाणं हाये त्याचं. आमी सहा देववाले.’

‘सहा?’ गुरुजी कागद पाहतात. ‘सहा नंबर तर जैनाचा आहे. लिहू का?’

‘नोको जी! आमच्या देवाले कोंबडा लागते.’

‘मग दिवाळी करता का?’

‘करतो ना जी. गायगोधन, मडई, सगळं करतो.’

‘झालं तर. एक.’

अशा रीतीने शेकडो वर्षांच्या धर्मचर्चेचा निकाल दीड मिनिटात लागतो. बाबाजी गोंड. गोंडांमध्ये चार, पाच, सहा, सात देव मानणारे सगे, म्हणजे गट, असतात आणि सोयरीक ठरवताना ही देवसंख्या आधी पाहतात, हे गुरुजींना ठाऊक असतं. पण ते लिहायला अर्जात जागा नाही, आणि ज्याला अर्जात जागा नाही ते सरकारी कामात घडलेलंच नसतं.

मध्य प्रदेशात गोंड जमातीची लोकसंख्या २०११ मध्ये ५० लाखांवर होती. त्याच वर्षी राज्यातले सगळे मिळून ‘इतर’ धर्मीय भरले जेमतेम सहा लाख. बाकीच्यांचं काय झालं? पुष्कळ गोंड घरं स्वतःला मनापासून हिंदू म्हणवतात, नवरात्रात जवारे पेरतात, घरात रामाचा फोटो लावतात. ते त्यांचं उत्तर आहे आणि ते तसंच लिहिलं गेलं पाहिजे. पण त्या उरलेल्या आकड्यात माणसाचं उत्तर किती आणि पेनाचं किती, हे कुठल्या तक्त्यात शोधायचं? देशभरात ‘गोंड’ किंवा ‘गोंडी’ हाच धर्म म्हणून हट्टाने लिहवून घेणारे निघाले १० लाख २६ हजार. अशा मास्तरांपुढे इतका हट्ट टिकला, यालाच मी चमत्कार म्हणतो.

आकड्यांची आणखी एक गंमत पाहा. झारखंडकडच्या आदिवासींचा सरना धर्म लिहिणारे होते ४९,५७,४६७ आणि जैन ४४,५१,७५३. जैनांना सहावा क्रमांक मिळाला याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण पाच लाखांनी जास्त असलेल्यांना क्रमांक नाही, तेव्हा लोकसंख्या मोजणाऱ्या खात्याला लोकसंख्येचंच वजन वाटत नाही असं दिसतं.

हा रोग जुना आहे. इंग्रज साहेबांनी या माणसांना कधी ‘अ‍ॅबोरिजिनल’ म्हटलं, कधी ‘अ‍ॅनिमिस्ट’, कधी ‘ट्रायबल’. दर दहा वर्षांनी साहेब बदलायचा, शब्द बदलायचा, झाडाखालचा देव तिथेच बसलेला. १९३१ च्या जनगणनेचे आयुक्त हटन यांनी तर आदिवासींचे धर्म म्हणजे हिंदू धर्माच्या देवळात अजून न बसवलेलं शिल्लक सामान, अशा अर्थाचं लिहून ठेवलं. साहेबांना वाटलं बांधकाम चालू आहे आणि विटा बाहेर पडल्या आहेत. विटांना कुणी विचारलं नाही. स्वातंत्र्यानंतर आपण साहेबाचा शब्द काढला, रकाना काढला आणि सामान तिथेच ठेवून वर ‘इतर’ अशी पाटी लावली.

वर्गीकरणाचा फटका काय असतो हे तिरोडीच्या दगडालाही ठाऊक आहे. १९३८ साली डन आणि रॉय या भूवैज्ञानिकांनी इथल्या एका खनिजाला ‘तिरोडाइट’ नाव दिलं. गावाचं नाव जगभरच्या पुस्तकांत गेलं. १९९७ मध्ये आंतरराष्ट्रीय समितीने त्या गटातल्या खनिजांची नावं नव्याने लावली आणि तिरोडाइट यादीतून खारीज झाला. दगड आहे तिथे आहे, नाव गेलं. दगडाने तक्रार केली नाही, म्हणून माणसानेही करू नये असा नियम मात्र कुठे लिहिलेला नाही.

आता जरा विलायतेत जाऊ, कारण आपल्याकडची गोष्ट तिकडे घडली की आपल्याला पटते. तिथे ‘पेगन’ म्हणवणारे लोक आहेत. ख्रिस्तापूर्वीच्या देवदेवता, ऋतू, झाडं, चंद्र यांना मानणारे. त्यातलाच ‘विक्का’ नावाचा पंथ जेराल्ड गार्डनर यांनी पुढे आणला. हे गृहस्थ मलायातून निवृत्त झालेले कस्टम अधिकारी. निवृत्तीनंतर आपल्याकडे लोक सोसायटीचे सेक्रेटरी होतात, यांनी चेटूकविद्येवर पुस्तक लिहिलं, १९५४ मध्ये. तिथल्या गणनेतही पेगनांना चौकट नाही, ‘अन्य’ समोर स्वतः लिहायचं. कुणी पेगन लिही, कुणी विक्का, कुणी ड्रुइड, आणि प्रत्येकाची मोजणी वेगळी होऊन सगळेच किरकोळीत जात. म्हणून २०११ मध्ये त्यांनी मोहीम काढली : आधी ‘पेगन’ लिहा, मग छोटी रेघ ओढा आणि तिच्यापुढे आपला पंथ लिहा. इंग्लंड आणि वेल्समध्ये त्या वर्षी पेगन निघाले ५६ हजारांवर, २०२१ मध्ये ७४ हजार, आणि विक्का लिहिणारे १३ हजार.

आमच्या तालुक्याच्या बाजारात सहज हरवतील एवढे हे लोक. तरी त्यांचा आकडा छापून येतो. त्याच देशात २००१ साली ३ लाख ९० हजार लोकांनी गंमत म्हणून आपला धर्म ‘जेडाय’ लिहिला, म्हणजे एका सिनेमातले प्रकाशाच्या तलवारी फिरवणारे वीर. खात्याने त्यांनाही संकेतांक दिला आणि बेरजेत ‘धर्म नाही’ या गटात बसवलं. सिनेमावाल्यांना आकडा मिळतो. गोंडांचा आदिगुरू पहांदी पारी कुपार लिंगो याच्या नावाने माघ पौर्णिमेला सालेकसा तालुक्यातल्या कचारगडाची गुहा चढणाऱ्या माणसांना मात्र आकडा द्यायचा नाही असा हुकूम!

आमच्याकडे ती छोटी रेघही जमत नाही. कुणी म्हणतो गोंडी लिहा, कुणी कोया पुनेम, कुणी आदिधर्म. झारखंड विधानसभेने ११ नोव्हेंबर २०२० रोजी जनगणनेत सरना धर्माला वेगळा संकेतांक द्यावा असा ठराव केला, तर इकडचे म्हणतात आम्ही सरना का म्हणून? दुसरीकडून भगवी मंडळी येऊन सांगतात की तुम्ही आमचेच, फक्त तुम्हाला अजून कळलेलं नाही. दोघांनाही एक सवय सारखी आहे : म्हाताऱ्याला प्रश्न विचारायचा आणि उत्तर आपणच द्यायचं. आणि गावात एक कुजबुज कायम असते की हिंदू नाही लिहिलं तर जमातीचा दाखला जातो. जात नाही. अनुसूचित जमातीला धर्माची अट नाही. ती अट अनुसूचित जातींच्या आदेशात आहे. हे दोन कागद जाणूनबुजून एकत्र शिवणारे पुढारी दोन्हीकडे आहेत.

येत्या गणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. या वेळी कागद नाही, मोबाइल. जातही विचारणार आहेत. बोट कुठे दाबलं जातं ते घरच्या माणसाला दिसणार नाही, एवढी प्रगती नक्की होईल. तरी एक गोष्ट सांगून ठेवतो. २०११ च्या प्रगणकांच्या सूचनापुस्तिकेत स्पष्ट होतं की माणूस जो धर्म सांगेल तोच लिहायचा, त्यावर वाद घालायचा नाही. तेव्हा गुरुजी दारात आले की त्यांना आधी पाणी द्या, खुर्ची द्या. मग आपला धर्म, जो असेल तो, हिंदू असो, गोंडी असो की काहीच नसो, मोठ्याने आणि एकदाच सांगा. आणि काय नोंदवलं ते त्यांच्याकडून वाचून घेतल्याशिवाय त्यांना पुढच्या घरी जाऊ देऊ नका.