म्हातारपणाचे तरुण कवी

म्हातारपणावर कविता करायची तर ती तिशीच्या आत उरकावी. म्हातारा युलिसिस पुन्हा गलबत काढून निघतो, ती ताठ कण्याची कविता टेनिसनने लिहिली 1833 साली, वयाच्या 24व्या वर्षी. डोक्यावरच्या टकलाने हवालदिल झालेला प्रुफ्रॉक एलियटला सुचला तेव्हा तो बाविशीच्या आसपास होता. त्याचा स्वतःचा भांग शाबूत होता. म्हातारपणी जांभळे कपडे घालून मनसोक्त वाह्यातपणा करण्याचे बेत जेनी जोसेफने 1961 साली कवितेत मांडले, तेव्हा तिने तिशीही गाठली नव्हती. पुढे अमेरिकेत पन्नाशीपुढच्या बायकांनी त्या कवितेपायी लाल टोप्यांचे संघ काढले. खुद्द बाईंना जांभळा रंग आवडत नसे, ही गोष्ट वेगळी.

आपल्याकडे तर कमालच. शके 1212मध्ये, परंपरेच्या हिशेबाने जेमतेम पंधरा-सोळा वर्षांच्या ज्ञानोबांनी तेराव्या अध्यायात म्हातारपणाचं असं काही वर्णन केलंय, की आज साठी ओलांडल्यावर वाचताना ओवीओवीला माझा गुडघा हुंकार भरतो. अर्थात माउलींना या यादीत ओढणं बरं नव्हे. त्यांना सगळंच आधी कळत होतं.

खरी जुगलबंदी मात्र दोन प्रौढांची. ब्राउनिंगने 1864 साली, बावन्नाव्या वर्षी, ‘रॅबाय बेन एझ्रा’ छापली. त्यातला रॅबाय सांगतो, तरुणपण ही नुसती तयारी, आयुष्याची खरी गोडी उतारवयात. तीन वर्षांनी मॅथ्यू अर्नल्डची ‘ग्रोइंग ओल्ड’ आली आणि तिने या उत्साहावर गार पाणी ओतलं. ती ब्राउनिंगलाच दिलेलं उत्तर असावी, असं पुष्कळांना वाटतं. अर्नल्ड तेव्हा 44 वर्षांचा. पोटापाण्यासाठी हा गृहस्थ पस्तीस वर्षं शाळा तपासत होता. म्हातारपणाचीही त्याने तशीच तपासणी केली आणि शेरेबुकात नोंद केली: रूप गेलं, जोर गेला, मावळतीची म्हणतात ती सोनेरी शोभा आढळली नाही. शेवटचा शेरा सर्वांत कडक. म्हणे, आत काही वाटेनासंच होतं.

इथे माझं साहेबांशी जमत नाही. रात्री नऊनंतर साबुदाणावडे खाल्ले की पहाटेपर्यंत मला आत इतकं काही वाटत राहतं, की ते कवितेत मावणार नाही. रॅबायशी तरी कुठे जमतं म्हणा! त्याला बहुधा हयातीचा दाखला द्यायला कधी बँकेत जावं लागलं नसावं. यंत्रावर अंगठा उमटत नाही आणि समोरचा मुलगा कधी पडद्याकडे, कधी आपल्याकडे संशयाने बघतो, तेव्हा ती खरी गोडी नेमकी कोणत्या खिडकीवर मिळते, हे विचारावंसं वाटतं.

पण अर्नल्डने पुढे काय केलं? 1888च्या एप्रिलमध्ये, पासष्टाव्या वर्षी, तो लिव्हरपूलला गेला होता. अमेरिकेहून लेक येणार होती. तिला उतरवून घ्यायच्या गडबडीत ट्राम पकडायला धावला आणि तिथेच हृदय बंद पडून गेला. आत काही न वाटणारा म्हातारा कशाला धावेल हो ट्रामच्या मागे!

खरोखरच वय झालेल्या कवींना बहुधा म्हातारपणावर चिंतन करायला सवड नसते. ग्योटे 1823 साली चौऱ्याहत्तराव्या वर्षी एकोणीस वर्षांच्या उल्रिकेच्या प्रेमात पडला. नुसता पडून थांबला नाही; खुद्द ग्रँड ड्यूकमार्फत रीतसर मागणी घातली. नकार आल्यावर परतीच्या वाटेवर बग्गीत बसल्या बसल्या विरहगीत लिहायला घेतलं. माझी पाठ तर एसटीच्या मागच्या बाकावर सहीसुद्धा करू देत नाही.

आणि आपल्याजवळचे म्हणाल तर ओरछ्याचे केशवदास. त्यांच्या नावावरच्या एका प्रसिद्ध दोह्यात ते स्वतःच्या पांढऱ्या केसांवर असे उखडलेत, की एवढं वैर शत्रूही करणार नाही. कारण? सुंदर मुली त्यांना ‘बाबा’ म्हणून निघून जातात! ना मोक्षाचा विचार, ना गुडघ्यांचा. ब्राउनिंग आणि अर्नल्ड या दोघांपेक्षा मला हा माणूस प्रामाणिक वाटतो.

फरक एवढाच, की हल्ली बसमध्ये एखादी कॉलेजकन्या “आजोबा, बसा ना” म्हणत उठते, तेव्हा केशवदास दांडीला धरून शेवटच्या थांब्यापर्यंत ताठ उभे राहिले असते. मी बसतो. खिडकीजवळची मिळाली तर अधिकच बरं.