पस्तीस घोडे

निवृत्त माणसानं काय करावं याबद्दल पांढरकवड्यात दोन मतं आहेत. एक, सकाळी केळापूरच्या जगदंबेपर्यंत पायी जाऊन यावं. दोन, वावरात खाट टाकून बसावं आणि मजुरांना सूचना द्याव्यात. मी तिसरंच केलं. जीप बांधली.

हे खूळ डोक्यात शिरलं डिसेंबर 2021 मध्ये. सांगली जिल्ह्यातलं देवराष्ट्रे, यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव, तिथल्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून पोरासाठी छोटी जीप उभी केली होती. खर्च सुमारे 60 हजार. सुरू करायची मोटारसायकलसारखी, किक मारून. आनंद महिंद्रांनी व्हिडिओ पाहिला आणि म्हणाले, ही आम्हाला द्या, बदल्यात बोलेरो घ्या. जानेवारीत बोलेरो लोहारांच्या हाती. मी मोबाइल बायकोच्या नाकापुढं धरला.

"त्याईले लोहारकाम येते," ती म्हणाली. "तुमाले काय येते?"

"विज्ञान," मी म्हणालो.

तीस वर्षं नववी-दहावीला शिकवलंय, उगीच नाही. तिला इतिहासाचाही आधार दिला. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी 1949 मध्येच 'मीरा' नावाच्या छोट्या मोटारीचा पहिला नमुना तयार केला होता आणि पुढं कितीतरी वर्षं ते ती सुधारत राहिले. ती बाजारात कधीच आली नाही, हा भाग मी सांगितला नाही.

माझ्या पहिल्या जीपला विहिरीवरचं इंजिन होतं. डिझेलचं, पाच एचपीचं, एका सिलिंडरचं, पोटाएवढ्या फ्लायव्हीलचं. विहिरीवर विजेची मोटर बसल्यापासून ते गोठ्यात पडून होतं. भंगारातून आणलेला जीपचा मागचा अ‍ॅक्सल आणि पाटे, चॅनेल वेल्ड करून केलेली चेसिस, वर पत्रा. हँडल मारलं की डग, डग, डग. बसणाऱ्याचे दात, चष्मा आणि विचार एकाच तालात हलत. वेग बैलगाडीइतका, म्हणजे बैल तरणे असतील तर त्याहून कमी.

तिचा एक गुण मात्र मान्य केला पाहिजे. तिच्या आवाजानं रानडुकरं आमच्या वावरात पाय ठेवत नसत. शेजारचे काका तर म्हणाले, "मास्तर, रातीबी फिरवत जा ना जरा!" एवढी स्तुती माझ्या अध्यापनाचीही कधी झाली नव्हती.

कायद्याचं म्हणाल, तर मी तो वाचला होता. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीनं दिलेल्या वर्णनाहून नोंदणी झालेली गाडी वेगळी करता येत नाही. माझ्या गाडीला कंपनी नव्हती, वर्णन नव्हतं आणि नोंदणी तर स्वप्नातही होणार नव्हती. म्हणून तिची हद्द ठरलेली होती. आमच्या साडेचार एकरांचा हा धुरा ते तो धुरा. पलीकडं चव्वेचाळीस नंबरच्या हायवेवर नागपूर-हैदराबादचे ट्रक सुसाट जात, आणि मी अलीकडं तुरीच्या ओळीला समांतर डगडगत असे.

त्या ट्रकांनीच घात केला. मला वेग हवासा वाटू लागला.

मिस्त्री म्हणाला, आठशेचं इंजिन टाका, स्वस्तात मिळते. इथं मात्र माझं ज्ञान कामाला आलं आणि मी ते चांगलं अर्धा तास वापरलं. "अरे बाबा, मारुती 800 चं इंजिन आडवं बसतं आणि पुढची चाकं ओढतं. आपली गाडी मागच्या चाकांनी चालते. आपल्याला ओम्नीचं पाहिजे. तेच 796 सीसी, तेच तीन सिलिंडर, पण उभं, सीटखाली बसणारं, आणि ताकद शाफ्टनं मागं नेणारं. पस्तीस घोड्यांचं!" मिस्त्री माझ्याकडं बघतच राहिला. एखाद्या मास्तरला आयुष्यात असा क्षण एकदाच येतो. तिथंच थांबायला हवं होतं.

ओम्नीचं इंजिन भंगारातून आलं, चार गिअर आणि एक रिव्हर्स असलेल्या गिअरबॉक्ससकट. कार्बोरेटर पेट्रोलनं धुतला, प्लग बदलले, टायमिंग बेल्ट नवा घातला. नव्या इंजिनासाठी माउंटिंग कापून पुन्हा वेल्ड केली. सगळं मिस्त्रीनं केलं, मी टॉर्च धरला. आणि मग माझ्या तोंडून ते वाक्य गेलं, ज्यानं या देशातली निम्मी घरं मोडकळीला आली आहेत: "हात लागलाच आहे, तर..."

हात लागलाच आहे, तर गाडी थोडी उंच करू, म्हटलं. पावसाळ्यात आमची काळी माती म्हणजे नुसता लोण्याचा गोळा, आणि जीपचं पोट सरीवर टेकायचं. जुन्या जीपमध्ये पाटे अ‍ॅक्सलच्या खाली असतात. तेच वर आणले की गाडी चार-सहा बोटं उचलली जाते. पण त्यासाठी पाट्यांच्या बैठका कापून अ‍ॅक्सलच्या वरच्या अंगाला वेल्ड करायला हव्यात. मिस्त्री तेच म्हणत होता, पण त्याला दोन दिवस लागणार होते आणि पोळा दोन दिवसांवर आला होता. मी म्हणालो, "कापाकापी कशाला? अख्खा अ‍ॅक्सलच उलथा करून बसव. खालच्या बैठका आपोआप वर येतील."

मिस्त्री म्हणाला, "काही होनार तं नाही ना, सर?" तो माझा विद्यार्थी होता. त्याला नववीत विज्ञानात पस्तीस मार्क मीच दिले होते.

"काय होणार?" मी म्हणालो.

काय होतं ते आता मला झोपेतही सांगता येईल. अ‍ॅक्सलच्या पोटात पिनियन असते, ती क्राउनला फिरवते आणि क्राउन चाकांना. अ‍ॅक्सल उलथा केला की पिनियन फिरते तशीच फिरते, पण क्राउन तिच्या एका अंगाचा दुसऱ्या अंगाला जातो. चाकं उलटी फिरतात. म्हणजे गाडीला चार गिअर मागं जायला मिळतात आणि पुढं यायला एक. एकमेकांत अडकलेली दातेरी चक्रं कोणत्या दिशेनं फिरतात, हा प्रश्न मी वर्षानुवर्षं परीक्षेत विचारत आलो होतो.

पोळ्याच्या सकाळी मागची चाकं जॅकवर उचलून इंजिन सुरू केलं. तीन सिलिंडरांचा तो मऊ, शहरी आवाज ऐकून माझा ऊर भरून आला. पहिला गिअर टाकला, चाकं गरगर फिरली. टाळ्या झाल्या. बायकोनं नारळ फोडला. सातवीतला नातू पुढच्या चाकापाशी उभा होता. तो म्हणाला, "आजोबा, चाक उलटं फिरून रायलं."

मी खाली बसलो, काडीनं मातीत घड्याळ काढलं आणि त्याला समजावलं की एकच चाक उजवीकडून पाहिलं तर काट्यांसारखं फिरतं आणि डावीकडून पाहिलं तर काट्यांच्या उलट. दिशा ही पाहणाऱ्यावर अवलंबून असते. हे सगळं शंभर टक्के बरोबर होतं. फक्त ते सांगताना मी चाकाकडं पाहिलं नाही.

"पन माह्या अंगावर चिखल उडाला ना," नातू म्हणाला. मागच्या टायरचा चिखल पुढं उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर उडत नाही. मी त्याला शर्ट बदलायला पाठवलं. अ‍ॅक्सलच्या खालून काळं गिअर ऑइल टपटपत होतं, तेही मी पाहिलं आणि जास्तीचं असेल म्हणून सोडून दिलं. हवा जायचं जे भोक अ‍ॅक्सलच्या डोक्यावर असतं, ते आता तळाला आलं होतं.

संध्याकाळी, पोळा भरायच्या वेळेला, मी वावरात गाडीत बसलो. तोंड गावाकडं, पाठ कपाशीकडं. पहिला गिअर टाकून क्लच सोडला.

गाडी मागं गेली.

माणूस अशा वेळी तर्क करतो. मला वाटलं, लिव्हर चुकून रिव्हर्सला गेलं. म्हणून दुसरा टाकला. पस्तीसही घोडे एकदम उधळले. कमरेएवढी, पात्याफुलांवर आलेली पऱ्हाटी दोन्ही बाजूंनी सपासप वाजत होती. मी मान मागं वळवून स्टिअरिंग धरलं होतं आणि ब्रेकवर पाय द्यायचं सोडून डाव्या हातानं टोपी सांभाळत होतो. बारा ओळी आडव्या झाल्या. मग मागची चाकं धुऱ्यावर चढली, पलीकडच्या चिखलात उतरली आणि पोट धुऱ्यावर टेकून गाडी बसली. उंची वाढवूनही टेकलीच.

रिव्हर्स टाकला की ती पुढं यायला बघे, पण चाकं जागीच फिरत. पोळ्याला निघालेले लोक जमा झाले. झुली, बाशिंगं, रंगवलेली शिंगं, गळ्यात घुंगरं अशा थाटात बैलही जमा झाले. मी शेजारच्या काकांना म्हणालो, "काका, तुमची जोडी लावून जरा ओढता का?"

सगळे गप्प झाले. काकांनी बैलाच्या खांद्यावरून हात फिरवला. कालच हळद-तुपानं शेकलेला खांदा. "आज?" ते म्हणाले. "पोयाच्या दिवशी जू ठेवू मानेवर? मास्तर, डोकं ठिकानावर हाय का?"

ट्रॅक्टरवाल्यानं आपल्या ट्रॅक्टरलाही हार घातला होता. तोही म्हणाला, आज त्याले सुट्टी.

शेवटी माणसंच लागली. चौदा जणांनी नव्या सदऱ्यांनिशी चिखलात उतरून गाडी ढकलली. पोळ्यात झडत्या म्हणणारं एक पोट्टं त्यांत होतं. त्यानं तोरणाखाली माझ्यादेखत नवी झडती म्हटली:

मास्तरच्या गाडीले पस्तीस घोडे,
ढकलाले मानसं पडून रायले थोडे!

आमच्या जवळच्या टिपेश्वर अभयारण्यातला एक वाघ 2019 मध्ये पायी निघून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला होता, 1,300 किलोमीटर चालून. माझी गाडी साठ मीटर गेली. तीही मागं.

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. पोरं चाकं लावलेले लाकडी बैल दोरीनं ओढत आमच्या दारावरून गेली. सगळे बैल पुढं चालत होते.

मिस्त्रीनं अ‍ॅक्सल सुलटा केला, बैठका कापून वर वेल्ड केल्या, गिअर ऑइल नवं भरलं. दोन दिवस लागले, तो म्हणाला होता तेवढेच. मागची चाकं पुन्हा जॅकवर चढवली, तेव्हा नातवाला डाव्या बाजूला उभं केलं आणि मी तोंड बंद ठेवलं. डावीकडून पाहताना चाक घड्याळाच्या उलट फिरायला हवं. फिरलं. आता गाडी पुढं जाते, आवाज अजिबात करत नाही, आणि गेल्या आठवड्यात रानडुकरांनी उरलेल्या कपाशीतल्या नऊ ओळी खाऊन टाकल्या.