तीन किलोचा ट्रक

“किती पळते?” हा पहिला प्रश्न. “किती देते?” हा दुसरा. आणि “केवढ्याला पडली?” हा तिसरा. तिन्हींची खरी उत्तरं दिली तर भंडाऱ्यात तोंड दाखवायची सोय राहणार नाही. म्हणून मी रिमोट छातीशी धरतो, आवाज जरा खाली आणतो आणि म्हणतो, “ही पळायची गाडी नाही. ही चढायची गाडी आहे.” समोरचा मग गाडीऐवजी मलाच निरखू लागतो.

रॉक क्रॉलर ही खऱ्या जीपच्या एकदशांश मापाची गाडी. लांबी दोन फुटांना थोडी कमी, वजन तीनेक किलो. चारही चाकं ओढतात, मोटर मुद्दाम संथ ठेवलेली असते आणि गाडी अंग मुरडत दगडावर चढते. माझ्या गाडीचे दोन्ही डिफरन्शियल रिमोटवरून लॉक होतात, त्यामुळे एक चाक हवेत लटकलं तरी जमिनीवरचं चाक ओढत राहतं. हे मी लग्नाच्या मांडवात समजावून सांगितलं आहे आणि तेरवीच्या पंगतीतही.

गडेगावला १९८२ पासून अशोक लेलँडचा कारखाना आहे. तिथून निवृत्त झालेले एक गृहस्थ आमच्या शेजारी राहतात. त्यांना माझा गिअरबॉक्स उघडून दाखवण्याची मला फार हौस होती. त्यांनी तो तळहातावर घेतला, उजेडात फिरवून पाहिला आणि म्हणाले, “ग्रीस जास्त झालं.” बस्स, एवढंच. कौतुक नाही, प्रश्न नाही. वाईट याचं वाटलं की ग्रीस खरंच जास्त झालं होतं.

या नादाचं मूळ सांगायचं तर तान्ह्या पोळ्याचं बोलायलाच हवं. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो : खऱ्या बैलांचा पोळा अमावास्येला आणि दुसऱ्या दिवशी पोरांचा. लाकडी नंदी, पायांखाली चाकं, गळ्यात दोरी. पोरं रांगेत नंदी घेऊन उभी राहतात, मग घरोघरी जाऊन बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात. सणाचं नाव पोरांचं असलं तरी खेळ बापांचा. पोरगं फक्त दोरी धरतं. झूल कुणाची भारी, शिंगांच्या शेंब्या कुणाच्या पितळी आणि कुणाच्या चमकीच्या कागदाच्या, यावर बापांचं वर्षभराचं वजन ठरतं. काही घरचे नंदी माणसापेक्षा उंच असतात. असा नंदी ढकलायला दोन गडी लागतात आणि तो ज्याचा, ते पोरगं बाजूला नाक ओढत उभं असतं.

माझा नंदी गावच्या सुताराने सागाच्या उरलेल्या तुकड्यातून काढलेला. मागचं एक चाक मोठं असल्यामुळे तो लंगडायचा. मला नेमकं मालगुजारांच्या नातवाशेजारी उभं करत, कारण उंचीप्रमाणे रांग लावताना नंदीची नव्हे, पोराची उंची बघत. बक्षीस कुणाला मिळे हे सांगायला नको. बाबा घरी येताना म्हणायचे, “आपला बैल कामाचा आहे, तो शोभेचा.” लाकडाचा बैल कोणत्या कामाचा, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

तो हिशेब मी अजून चुकता करतो आहे. माझ्या ट्रकच्या टपावर कॅरिअर आहे, कॅरिअरवर जादा चाक, डिझेलचे रिकामे डबे आणि बोटभर फावडं. यातलं काहीही कधी वापरात येणार नाही. तान्ह्या पोळ्यात एक खुला गट ठेवावा, असं मी मंडळाच्या पोरांना दरवर्षी सुचवतो. पोरं “हो काका” म्हणतात आणि वर्गणीचं पुस्तक पुढे करतात.

देखभालीचा खरा शत्रू रेती. वैनगंगेच्या काठावर गाडी फिरवली की रेतीचे कण बेअरिंगमध्ये शिरतात आणि चाक करकरू लागतं. मग चाकं काढा, ब्रश मारा, तेलाचा थेंब सोडा. मी बसून कण न् कण वेचतो. त्याच वेळी रस्त्यावरून टिपर धडधडत जात असतात, रात्री जरा जास्तच. नदीतून रेती वर आणणारी वाहनं या जिल्ह्यात हवी तेवढी आहेत. नदीतून आलेली रेती परत नदीत नेऊन टाकणारं वाहन माझ्या माहितीत एकच आहे आणि त्याला नंबरप्लेट नाही. पण हसून तरी किती हसणार? रेती नदीचं पाणी धरून ठेवते. ती गेली की काठावरच्या विहिरी खाली जातात. हे धुऱ्यावर बसलेल्या कुणालाही ठाऊक आहे.

गाडी उंच असल्याने चढावर उलटते. उपाय जगभर एकच : अ‍ॅक्सलच्या टोकांना पितळ लावा. पितळ लोखंडापेक्षा जड, वजन खाली जातं, गाडी बूड टेकून राहते. हे पितळी भाग लोक परदेशातून मागवतात. आणि मी राहतो कुठे, तर पितळी भांड्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या भंडाऱ्यात! ऐटीत कासाराकडे गेलो.

“देव्हाऱ्यासाठी का जी?”

“ट्रकसाठी.”

त्यांनी गाडी हातात घेऊन पालथी केली, उताणी केली. “बूड जड असलं त उभं रायते, भाऊ,” म्हणाले आणि मापं घेऊ लागले. मला जे समजायला कितीतरी व्हिडिओ बघावे लागले, ते त्यांना पाण्याचे गुंड घडवता घडवता कळलेलं होतं.

पोरीच्या आंदणात गुंड, गंज, परात, सगळं पितळेचं असायचं. मग स्टील आलं, प्लॅस्टिक आलं. आमच्या आईचा गुंड मोडीत गेला आणि त्या पैशांत भर घालून मिक्सर आला. आई खूश होती. तिच्या कमरेला विचारा. दोष कुणाचाच नाही. पण एवढी पिढीजात कारागिरी आणि दारात गिऱ्हाईक कोण, तर खेळण्याला पितळेचे जोडे शिवणारा मी, याचं मला हसू येत नाही. त्यांनी कानस मारून दिलेले तुकडे परदेशी भागांपेक्षा नेटके बसले. घडणावळ इतकी कमी सांगितली की मीच ओशाळलो.

तेव्हा माळ्यावर पितळेचा पोचलेला लोटा किंवा फुटकी घंटी असेल, तर भंगारात घालू नका. भंडाऱ्यातल्या एखाद्या कासाराकडे न्या आणि काहीतरी घडवून घ्या. काही सुचलं नाही तर घरच्या नंदीच्या शेंब्या करा. घडणावळीत मात्र घासाघीस करू नका.