हप्ता फुकट नसतो

दसऱ्याला भाच्याने नवा फोन दाखवला. तीस हजारांचा. "मामा, नो-कॉस्ट ईएमआय आहे, एक रुपया जास्त नाही." मी त्याला कर्जाचा तपशील उघडायला लावला.

सहा हप्ते, पाच-पाच हजारांचे. वार्षिक दर 15 टक्के. म्हणजे बँकेच्या क्रेडिट कार्डावरचं कर्ज साधारण 28,730 रुपयांचं आणि उरलेले 1,270 व्याज. तेवढीच रक्कम 'सूट' म्हणून किमतीतून वजा दाखवलेली. व्याज आहेच! त्यावर 18 टक्के जीएसटी भाच्याच्या खिशातून, 229 रुपये. वर प्रोसेसिंग फी 199, तिच्यावर पुन्हा जीएसटी. झाले साडेचारशेच्या वर.

शून्य टक्के व्याज अशी चीजच नसते, हे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2013 मध्येच बँकांना बजावलं होतं. पाटी बदलली, धंदा तोच राहिला.

साडेचारशे गेले तर गेले. माझा संताप वेगळाच आहे. "महिन्याला एकूण किती कापले जातात?" विचारलं, तर पोराला सांगता येईना. घड्याळ, हेडफोन, आता फोन. पगार एक तारखेला येतो आणि पाच तारखेला हप्ते त्याचा लचका तोडतात. पैसा हातातून सुटताना जी कळ लागते, ती कळच या हप्तेवाल्यांनी मारून टाकली आहे. तीस हजार म्हटलं की माणूस थबकतो, पाच हजार म्हटलं की बटण दाबतो. त्यात पडद्यावर उलटं धावणारं घड्याळ आणि 'फक्त 2 शिल्लक'. असली खोटी घाई केंद्राच्या नोव्हेंबर 2023 च्या नियमांनी फसवणुकीच्या 13 प्रकारांत धरली आहे. तरी ती दिसतेच.

याची आई, माझी बहीण, फ्रीजसाठी दीड वर्ष भिशी भरत होती. तेवढ्या काळात तिने तीन दुकानं पालथी घातली, शेजारणींना विचारलं, मोठा नको, मधला पुरे, हे ठरवलं. नंबर लागला त्या दिवशी रोख मोजून फ्रीज आणला. तिला ठरवायला दीड वर्ष मिळालं. पोराला दहा मिनिटंही कोणी दिली नाहीत.

वहीच्या पानावर तिन्ही हप्ते लिहून काढले. शेवटचा एप्रिलमध्ये संपतो. तोवर खरेदीचं ॲप काढून टाक, म्हटलं. त्याने ते माझ्यासमोर काढलं.