बारा वाजता सव्वातीन

दहावीच्या भूमितीत त्रिकोणमितीचं जग कायम संकटात असतं. वादळात झाड मोडून शेंडा जमिनीला टेकतो, अग्निशामक दलाची शिडी कुठल्याशा खिडकीला लागते. दीपगृहावरचा माणूस मात्र जहाजाला हाक मारायची सोडून अवनत कोन मोजत बसतो. परीक्षा संपली की ही सगळी मंडळी साइन-कोसाइनसकट माळ्यावर जातात.

खाली उतरतात ती घरात कुणी पायथॉन शिकायला लागलं की. संगणकाला षटकोन ठाऊक नसतो, वर्तुळही नसतं. त्याला कळतात फक्त ठिपके: इतके आडवे, इतके उभे. केंद्रापासून १०० ठिपक्यांवर, ६० अंशांच्या कोनात कोण बसलंय? आडवं अंतर कोसाइन सांगतो, ५०. उभं साइन सांगतो, ८६.६. असे ६० अंशांच्या अंतराने सहा जण बसवून रेघांनी जोडले की झाला षटकोन. छत्तीस बसवले की वर्तुळ. खरं तर तो छत्तीस बाजूंचा बहुभुजच, पण खऱ्या वर्तुळाशी त्याचा फरक जास्तीत जास्त ०.३८ ठिपक्याचा. अर्ध्या ठिपक्याहून कमी लबाडी डोळे खपवून घेतात.

इथवर सुरळीत. मग कुणीतरी घोकलेल्या विश्वासाने साइन ९० विचारतं. उत्तर १ यायला हवं, येतं ०.८९४. पायथॉन अंशांत बोलतच नाही, त्याला रेडियन लागतात. म्हणजे कंस मोजायचा तो त्रिज्येच्याच मापाने. हा हट्ट अगदीच परका नाही. आर्यभटानेही इ. स. ४९९ मध्ये परिघाच्या २१,६०० कला धरून त्याच कलांनी त्रिज्या मोजली होती, ३,४३८. परिघाला आणि त्रिज्येला एकच मोजपट्टी.

हे सगळं टाळायचं तर कासव आहे. १९६७ साली सेमूर पॅपर्ट, वॉली फॉयरझाइग आणि सिंथिया सॉलोमन यांनी मुलांसाठी 'लोगो' ही भाषा केली. पुढे तिच्यात कासव आलं. पुढे जा, १४४ अंश वळ, असं पाचदा सांगितलं की चांदणी तयार. साइन नाही, कोसाइन नाही. (असतात, पण कासवाच्या पोटात.) मला हे कासव फार आवडतं. पण त्याला आपलं नाक कुठे आहे तेवढंच कळतं, केंद्र कुठे आहे ते नाही. घड्याळ काढायचं म्हटलं की पुन्हा माळ्यावर चढावं लागतं.

आणि घड्याळाची गंमत अशी, की बहुतेक पडद्यांवर मोजणी वरच्या डाव्या कोपऱ्यातून सुरू होऊन खाली वाढते. त्यामुळे ९० अंशांवर टोक ठेवलेली चांदणी बिचारी डोक्यावर उभी राहते. काट्यांना मात्र हाच उलटेपणा मानवतो, कारण इथे कोन वाढला की काटा आपसूक घड्याळाच्याच दिशेने फिरतो. सेकंदाला ६ अंश, बस्स. फक्त शून्य अंश उजवीकडे असतो, म्हणून ९० वजा करायचे. ते राहिलं, तर भर बारा वाजता दोन्ही काटे आडवे होऊन सव्वातीन दाखवतात. आणि शाळा सुटायची वेळ इतकी जवळ आल्यावर चूक दुरुस्त करायची घाई कोणत्याही मुलाला नसते.