गटप्रमुख

आपल्याकडे माणूस एकटा जातो तो कोर्टात, नोकरीवर किंवा संन्यास घ्यायला. मौजेसाठी जायचं तर मंडळी लागतात. गाडीत एक जागा रिकामी राहिली तर ती भरायला मावसभावाच्या मेहुण्यालाही फोन जातो. त्यामुळे मी एकटाच होडी घेऊन तळ्यांवर राहायला निघालोय, असं चिपळूणला फोनवर सांगितलं तेव्हा आईने मासे कुठले मिळतात हे विचारलं नाही. "सूनबाईशी बिनसलंय का रे?" असं विचारलं.

"छे. तिला डास नको आहेत."

"मग मित्र?"

"आहेत की."

"मग?"

या 'मग'ला तोंडी उत्तर नव्हतं. जे होतं ते गॅरेजमध्ये, सुतारी घोड्यांवर पालथं पडलं होतं.

शेजारच्या आजोबांनी घर विकलं तेव्हा शेडमधली जुनी कनू "नेतोस का?" म्हणून त्यांनी मला विचारलं होतं. लाकूड-कॅनव्हासची, सतरा फुटी, दोन माणसांची. फुकट मिळाली, पुढचा हिशेब मी घरात काढत नाही. टोकाशी, आतल्या लाकडावर एक क्रमांक ठोकलेला होता. ती बांधणाऱ्या, अमेरिकेच्या मेन राज्यातल्या ओल्ड टाउन कंपनीने आपल्या लाकडी होड्यांच्या नोंदी पार विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून जपल्या आहेत: लांबी किती, रंग कुठला, बांधली कधी, धाडली कुठे. चार थरांच्या रंगाखाली माझी होडी मुळात गडद हिरवी होती हे मला त्या क्रमांकावरून कळलं. आमच्या घराण्याची एवढी नीट नोंद भटजींकडेही नसेल.

ही होडी बांधण्याची तऱ्हा मोठी देखणी. सीडर लाकडाच्या बरगड्या वाफेवर मऊ करून वाकवायच्या. त्यांवर सीडरच्याच जेमतेम चार मिलिमीटर जाड पट्ट्या पितळी चुकांनी ठोकायच्या. वरून कॅनव्हास ताणून बसवायचा, त्याच्या विणीत लुकणासारखं भरण हाताने चोळायचं, ते काही आठवडे वाळू द्यायचं आणि मगच रंगाला हात घालायचा. खरी गंमत त्या पितळी चुकांमध्ये आहे. बाहेरून हातोडी पडते, आतून कुणीतरी लोखंडी ठोकळा दाबून धरतं. पट्टी आणि बरगडी भेदून आलेलं टोक त्या ठोकळ्यावर आपटतं, वळतं आणि उलटं लाकडात शिरतं. एकदा वळलं की सुटत नाही. काठाजवळ हे एकट्याला जमतं. तळाच्या मध्याकडे सरकलं की हात पुरत नाहीत, घरात हाक मारावी लागते. बायको पालथ्या होडीखाली स्टूल घालून बसायची, एका हातात ठोकळा, दुसऱ्या हातात ऑफिसचा फोन. तिच्या मीटिंगमधल्या लोकांची अजून समजूत आहे की आमच्या घराचं छप्पर बदललं.

तर अशी दोघांनी मिळून दुरुस्त केलेली दोघांची होडी घेऊन मी एकटा निघालो. बाउंडरी वॉटर्स हा मिनेसोटाच्या ईशान्य टोकाचा, कॅनडाच्या सीमेला लागून असलेला सुमारे ११ लाख एकरांचा राखीव मुलूख. हजारावर तळी, मध्ये जंगल. १९६४ च्या वाइल्डरनेस कायद्यात हा भाग आला, १९७८ मध्ये त्याच्यासाठी खास कायदा झाला आणि आता बहुतेक तळ्यांवर मोटरबोटीला मज्जाव आहे. मुक्कामाला जायचं तर १ मे ते ३० सप्टेंबर या काळात कोटा असतो, परवाना आधी काढावा लागतो. गटात जास्तीत जास्त नऊ माणसं. कमीत कमी किती, याबद्दल सरकारचं काही म्हणणं नाही. पण परवान्यावर गटप्रमुखाचं नाव हवंच. गटप्रमुख: मी. सदस्यसंख्या: १. निवड बिनविरोध झाली.

खाद्यपदार्थ काचेच्या बाटलीतून किंवा पत्र्याच्या डब्यातून न्यायचे नाहीत, असाही नियम आहे. माझ्या मते तो उत्तमच आहे. लोकांनी मागे टाकलेले गंजके डबे वेचायला त्या जंगलात कोण जाणार? पण आमरसाचा डबा घरीच राहिला. लोणचं बरणीतून प्लॅस्टिकच्या डबीत आलं, भाजणी, मेतकूट आणि मालवणी मसाला पिशव्यांत गेला.

दोघांच्या कनूत एकट्याने नेहमीसारखं मागच्या बाकावर बसून चालत नाही. मागचं टोक बुडतं, पुढचं हवेत उठतं आणि जरा वारा आला की होडी देवळावरच्या पताकेला लाजवेल अशी फिरते. त्यावर तोडगा असा की पुढच्या बाकावर उलटं बसायचं, म्हणजे आपण मध्याच्या जवळ येतो, आणि होडीचं ढुंगण तेच तोंड समजून निघायचं. पलीकडच्या टोकाला वजन म्हणून काहीतरी ठेवायचं. मी शिध्याची पिशवी ठेवली. ती नेमकी माझ्याकडे तोंड करून बसली.

दुपारपर्यंत मी तिच्याशी बोलायला लागलो होतो. शांततेसाठी एवढ्या लांब गेलेला माणूस किती बडबडतो, हे कुणीतरी अभ्यासायला हवं. वाऱ्याला शिव्या, वल्ह्याला सूचना, पिशवीला खुलासे. संध्याकाळी तर गटात उघड दोन तट पडले. एकाचं म्हणणं, आधी तंबू ठोका; दुसऱ्याचं, मासे आत्ता लागतात. गटप्रमुखाने दुसऱ्याच्या बाजूने कौल दिला, कारण वॉलाय हा मासा खरोखरच तिन्हीसांजेचा. त्याच्या डोळ्याच्या आत, मागच्या बाजूला प्रकाश परतवणारा एक थर असतो, मांजराला असतो तसाच. त्यामुळे जिथे इतर माशांना दिसेनासं होतं तिथे याची शिकार सुरू होते. गळ तळाजवळ हळूहळू ओढायचा. तो झडप घालत नाही, नुसतं जड लागतं. गवतात अडकलं म्हणून आपण वैतागतो, तोवर गवत डोकं हलवतं. वर आला तेव्हा सोनेरी-हिरव्या अंगावरचे ते दोन पांढुरके, धुरकट डोळे माझ्याकडे बघत नव्हते, माझ्या पलीकडे बघत होते. रवा आणि मालवणी मसाला लावून तव्यावर टाकला. सुरमईची सर नाही. पण सुरमई तिथे नव्हती, आणि भूक होती.

उरलेला शिधा अस्वलांपासून वाचवायला बारा फूट उंच टांगावा लागतो. दोरीला दगड बांधून फांदीवरून फेकायचा. याचं वर्णन मी करणार नाही. पलीकडून लून पक्षी हसत होता, आणि त्याची ती हसल्यासारखी साद मुळात हसण्याची नसून घाबरल्याची असते हे मला ठाऊक असूनही मी ते मनावर घेतलं.

एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जायचं तर मधल्या जंगलवाटेने सगळं उचलून न्यावं लागतं. याला पोर्टेज म्हणतात. इथले नकाशे ही वाट रॉडमध्ये मोजतात. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, जवळजवळ एक कनू. जुन्या काळी कातड्यांच्या व्यापारातले व्हॉयाजर हमाल नव्वद नव्वद पौंडांची दोन गाठोडी एका खेपेत पाठीवर घ्यायचे. माझी होडी पस्तीस-एक किलोंची, सामान वेगळं, आणि मी व्हॉयाजर नाही. म्हणून आधी पिशव्या न्यायच्या, मोकळ्या हाताने परत यायचं, मग इरलं पांघरल्यासारखी होडी डोक्यावर घेऊन पुन्हा जायचं. दुसऱ्या माणसाची बचत केली की प्रत्येक वाट तीनदा चालावी लागते. हे गणित परवान्यावर कुठेही छापलेलं नाही.

परतीच्या एका पोर्टेजच्या टोकाला शाळकरी मुलांचा गट खाऊ खात बसला होता, मोजून नऊ जण. त्यांच्या गटप्रमुख बाईंच्या गळ्यात शिट्टी होती. मी घामाघूम होऊन पिशव्या खाली टाकल्या. त्यांनी माझ्यामागच्या रिकाम्या वाटेकडे पाहिलं.

"तुमची मंडळी मागे आहेत का?"

"एकच आहे. होडी घेऊन येतोय. जरा हळू चालतो," मी म्हणालो आणि होडी आणायला वळलो.

परत आलो तोवर ती मंडळी आपलं सामान होड्यांत भरत होती. बाई होडीखालच्या माझ्या पायांकडे आणि मग वाटेकडे आळीपाळीने बघत राहिल्या. एका मुलाने मात्र दोन बिस्किटं पुढे केली. एक तुमच्यासाठी, एक तुमच्या त्या मित्रासाठी, म्हणाला. गटाच्या वतीने मी दोन्ही स्वीकारली.